श्वास रोखा

बावीस वर्षं मोरेलियाच्या सरकारी इस्पितळात
मी छात्यांचे फोटो काढले.
खाणीतल्या, वीटभट्टीवरच्या, नुसत्याच घाबरलेल्या.
दिवसातून दीडशे वेळा एकच वाक्य :
श्वास घ्या. रोखा. हलू नका.

म्हणून तळ्याकाठच्या त्या चर्चमध्ये, मागच्या खोलीत,
टेबलावर आडव्या ठेवलेल्या ख्रिस्तालाही
सवयीनं बोलून गेलो.
रेमेदिओस हसली. मूर्ती दुरुस्त करणारी ती,
मी तिनं उसना आणलेला माणूस,
यंत्रही उसनंच, घोड्यांच्या डॉक्टरचं.

पोराटोरानं उचलावा इतका हलका देव.
मक्याच्या ताटांचा गाभा वाळवून, कुटून,
ऑर्किडच्या कंदाचा चीक घालून मळलेला,
पुरेपेचा कारागिरांनी चारशे वर्षांमागं घडवलेला.
आमच्याकडे भाकरी मक्याची, देवही मक्याचा.
एक पोटात जातो, एक खांद्यावर.

सगळ्यांना बाहेर काढलं.
दाराशी मेणबत्त्या घेतलेल्या बाया, एक कुत्रं,
आणि किल्ल्या सांभाळणारा क्रेसेन्सिओ त्सिन्त्सुन,
वय एक्क्याऐंशी.
बटण दाबलं. देव हलला नाही.
असा पेशंट मला जन्मात मिळाला नव्हता.

पडद्यावर फासळ्या नाहीत. कशा असतील?
छातीच्या जागी पोकळी, भोवती ताटांच्या उभ्या रेघा,
रात्री शेतात गाडीचा उजेड पडावा तशा.
डाव्या मांडीत किड्यांच्या वाटा.
तळहातांत काहीच नाही.
तिथले खिळे सरसाचे, वरून रंगवलेले.
आणि पाठीच्या आत, घडी घातलेला एक कागद,
त्यावर ठिपक्यांच्या ओळी.

हिंगूळ, रेमेदिओस म्हणाली.
हिंगुळात पारा, पारा किरण अडवतो,
लाल असतं ते पांढरं होऊन वर येतं.
पाच ठिपके, आडवी रेघ. पुन्हा पाच.
कोंबड्या, की घोंगड्या, की माणसं,
किती दिल्या, किती राहिल्या.
कुणाची तरी वसुली,
कारागिरानं रद्दी म्हणून देवाच्या पोटात दडपलेली.
वाचायची तर देव फाडावा लागेल.
राहू दे, ती म्हणाली.

पण सगळ्यांत पांढरं होतं ते वेगळंच.
उजव्या खांद्यात, काखेच्या वर,
चार इंची खिळा. सुताराचा. बाजारातला.

क्रेसेन्सिओला आत घेतलं.
नातेवाइकाला सांगावं तसं सांगितलं :
मांडीला कीड आहे. पाठीत कागद आहे.
आणि हा खिळा.
तो टोपीची कड चुरत बघत राहिला,
मग पडद्यावर, बरोबर खिळ्यावर, बोट ठेवलं.

"एकोणीस वर्षांचा होतो.
मिरवणुकीत माझा पाय घसरला,
त्याचा हात निखळून चिखलात पडला.
सगळे गात होते, कुणाला कळलं नाही.
सदऱ्यात लपवला. रात्री एकटा आलो.
हातोड्याला फडकं गुंडाळलं होतं, आवाज होऊ नये म्हणून.
पाद्र्याला सांगितलं नाही. बायकोला नाही.
बासष्ट वर्षं रोज सकाळी दार मीच उघडतो.
मी त्याच्याकडे बघतो, तोही बघतो."

मग माझ्याकडे वळून :
"दुखत असेल का?"

हा प्रश्न मला हजारदा आलेला.
उत्तर ठरलेलं, डॉक्टर सांगतील.
पण डॉक्टर घोड्यांचा होता,
आणि पात्स्कुआरोला गेला होता.

गंजतोय, रेमेदिओस म्हणाली, गाभा खातोय.
काढावा लागेल. बांबूची काडी बसवीन.
म्हाताऱ्यानं मान हलवली.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"काढल्यावर मला द्याल?"

वायरी गुंडाळताना माझ्या ध्यानात आलं,
रोखा म्हटलं होतं, पुढचं म्हणायचं राहिलंच.
सोडा, मी म्हणालो,
टेबलाकडे बघून.

दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजला.
श्वास म्हाताऱ्यानं सोडला.